भाऊबीजेचं पिंप

नवापूरच्या अर्चनाला भांडी हुंगायची खोड होती. बाजारात बायका आंबा हुंगून घेतात, फार तर तूप हुंगतात. ही बालदी हुंगायची. पालघरला प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानात शिरली की एकेक डबा उचलून त्यात तोंड घालायची, झाकण लावायची, पुन्हा उघडायची, पुन्हा नाक आत. मग डबा उलटा करून बूड बघायची. खाण्याच्या भांड्यावर छापतात ती पेला आणि काट्याची खूण नसली की डबा परत जागेवर. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "बाई, डबा घ्यायचाय की सून बघताय?" अर्चना म्हणाली, "सुनेला एवढं बघितलं नसतं. सून निदान तोंड उघडून बोलते तरी." आणि काहीही न घेता निघून आली.

या खोडीमागे तिचा धंदा होता. नवापूरपासून बोईसरपर्यंत कुणाकडे हळद असली, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीचं ते दणदणीत जेवण, की अर्चनाची खारातली कोंबडी लागायचीच. ती नसली तर नवरदेवाचा मामा रुसतो, असं लोक गमतीनं म्हणायचे. कोंबडीचे मोठे तुकडे ती मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरत ठेवायची. त्या पाण्यात हळद, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि ताडीचा सिरका. भांडं बर्फाच्या चुऱ्यात बसवलेलं, कारण बंदरावर बर्फाला तोटा नव्हता आणि मांस उघड्यावर मुरत ठेवायची अवदसा तिला कधी आठवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तुकडे निथळून निखाऱ्यावर भाजायचे. हाडाला चिकटलेलं मांससुद्धा फिकं लागायचं नाही. कृती कुणी विचारली तर ती सगळी सांगायची, हातचं काही राखायची नाही. तरी कुणाची तिच्यासारखी व्हायची नाही, कारण बाकीच्या बायका ती ॲल्युमिनियमच्या टोपात मुरवायच्या आणि मग मिरचीला दोष द्यायच्या.

भांड्याची ही समज तिला आईनं दिली होती. आई, रखमाबाई, दातिवऱ्याची. मासळी खारवण्यात त्या गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "अर्चू, मीठ नुसता मासलीत जात नाय," ती सांगायची, "भांड्यात पन जाते. भांड्यात काय असेल ता सगला बाहेर काढून मासलीत घालते." म्हणून ॲल्युमिनियम नको, ते काळं पडतं. बिनकल्हईचं पितळ जवळही आणायचं नाही. टवका उडालेला इनॅमलचा टोप नको. हलक्या स्टीलला मिठाचे डाग पडून बारीक भोकं होतात, तेही नको. चिनी मातीची बरणी, काच, नाहीतर उत्तम स्टील. घरात प्लास्टिक आलं तेव्हा रखमाबाईनं त्याचीही परीक्षा शोधून काढली. कढत पाणी भरायचं, झाकण लावून थोडा वेळ ठेवायचं आणि उघडल्याबरोबर नाक घालायचं. वास आला की ते भांडं कपडे भिजवायला. शाळेचं तोंड न बघितलेल्या आपल्या आईची ही अक्कल अर्चना चारचौघांत अभिमानानं सांगायची.

नवरा नरहरी वाडीतले नारळ आणि चिकू बघायचा आणि उरलेल्या वेळात बायकोची थट्टा करायचा. "लग्नात मला पन हुंगून घेतला होतास काय गो?" तो विचारायचा. "घेतला असता तर कशाला आली असती या घरात," ती म्हणायची. एकुलती मुलगी लग्न होऊन डहाणूला गेली होती. आता घरात ही दोघं आणि कोंबडीचा पसारा.

पसारा वाढत गेला तशा दोन बरण्या आणि एक पातेलं पुरेनासं झालं. मोठी हळद असली की कोंबडी टप्प्याटप्प्यानं मुरवावी लागायची आणि अर्चनाचा जीव मेटाकुटीला यायचा. मोठं, खात्रीचं भांडं काही मिळेना. दिवाळीच्या आधी एकदा हे सगळं रडगाणं तिनं धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. शैलेश बोईसरला, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गोदामात कामाला होता. वडील गेल्यावर रखमाबाईही दातिवरं सोडून त्याच्याकडेच राहत होती. या शैलेशला अर्चनानं कडेवर घेऊन वाढवलेलं. आई मासळी घेऊन बाजारात जायची तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालणं, भरवणं हे हिचं काम. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी हिच्या लेखी तो अजून शैल्याच.

भाऊबीजेला शैलेश रिक्षा करून आला. मागच्या सीटवर एक पांढरंशुभ्र पिंप. जाड प्लास्टिकचं, रुंद तोंडाचं, पत्र्याची कडी फिरवली की झाकण गच्च बसेल असं. आणि त्या पिंपाशेजारी अंग चोरून बसलेली आई. शैलेशची बायको भाविका तिच्या भावाला ओवाळायला माहेरी गेली होती.

"ताई, तुला पायजे होता ना?" शैलेश पिंप उतरवत म्हणाला. "खास तुझ्यासाठी आणला. कंपनीत सरबताचा अर्क येते यातून. खाण्याचाच माल, काय चिंता नाय."

अर्चनाला भरून आलं. साडी काय, कोणाचाही भाऊ देतो. आपण फोनवर बोललो ते या पोरानं ध्यानात ठेवलं, शोधून आणलं, याचंच तिला फार वाटलं. तिनं त्याला ओवाळलं. पिंप काही ताटात मावेना म्हणून सगळे हसले, तेव्हा तिनं पिंपालाच हळदकुंकू लावलं आणि वर नारळ ठेवला.

आता कोणी म्हणेल, अख्खं पालघर हुंगून आलेली ही बाई, तिनं नेमकं हेच का नाही हुंगलं? तर नाही हुंगलं. ओवाळणी कोणी पारखत नाही. साडी असली तर तिथल्या तिथे उलगडून बघायची नाही, भांडं असलं तर उलटं करायचं नाही; बहिणीनं तसं केलं तर तो भावाचा पाणउतारा. दुकानदाराच्या डब्यात तोंड घालणं वेगळं, भावानं दिलेल्या पिंपात घालणं वेगळं. तिनं ते साबण लावून गार पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि आपल्या बरण्यांच्या शेजारी मानानं ठेवलं. रखमाबाई हे सगळं ओट्यावर बसून बघत होती. पिंपाला कुंकू लागलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. लेकरांची माया बघून म्हातारीला गहिवरलं असेल, असं अर्चनाला वाटलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि हळदी सुरू झाल्या. पिंपामुळे काम हलकं झालं. एका वेळी सगळी कोंबडी आत, वरून बर्फ, झाकण गच्च, की अर्चना सुखानं झोपायला मोकळी. येईल त्याला ती पिंप दाखवायची. "माझ्या भावाने दिला," असं सांगताना तिचा आवाज उगाचच मोठा व्हायचा.

त्याच थंडीत शेजारच्या प्रफुल्लभाऊंची तेजल बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला डोहाळे लागले ते या कोंबडीचे. दुपारी हळूच कुंपणाची काठी सरकवून यायची, ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "काकी, एकच तुकडा." अर्चना प्रत्येक वेळी तिच्यासाठी कमी तिखटाचा तुकडा बाजूला काढून ठेवायची. एकाचे दोन व्हायचे, दोनाचे तीन. पोटुशी पोर हौसेनं खाते हे बघण्यातच तिला सुख होतं.

उन्हं तापायला लागली तसा नरहरी एकदा जेवताना थबकला. "आज कोंबडी दवाखान्यात जाऊन आली काय गो? औषधाचा वास मारते."

झालं. अर्चनानं त्याच्याशी अबोलाच धरला. पण शंका मनातून जाईना. तिनं सिरका बदलून पाहिला. लसूण बदलली. कोंबडीवाल्या बुधाला फैलावर घेतलं, की पक्ष्यांना काय खायला घालतोस म्हणून. तो बिचारा शपथा घेत राहिला. सगळं बदललं, एक पिंप तेवढं बदललं नाही. त्याच्यावर तिचा संशय गेलाच नाही, कारण संशय घ्यायचा तर तो आधी शैल्यावर घ्यावा लागला असता.

मग तेजलच्या भावाची, अनुजची हळद आली. शेजारघरचं कार्य, म्हणून अर्चना पहाटेपासून कामाला लागली. मिठाचं पाणी ती नेहमी उकळून पूर्ण गार करून मगच भांड्यात ओतायची. त्या दिवशी माणसांची ये-जा इतकी, की पाणी अजून कढत असतानाच तिनं ते पिंपात ओतलं, झाकण लावलं आणि वाटणाकडे वळली. बर्फ घालू तेव्हा निवेल, असा हिशेब. वाटण झाल्यावर तिनं कडी फिरवली, झाकण उचललं, आणि दोन पावलं मागे सरली.

बोईसरला कंपन्यांच्या नाल्यावरून रिक्षा जाते तेव्हा आतले सगळे न सांगता नाकाला रुमाल लावतात. तो वास. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या मिठाच्या पाण्यातून येत होता.

नरहरीला हाक मारून तिनं पिंप मागच्या अंगणात ओतून दिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते आडवं केलं. बुडाला त्रिकोणात एक आकडा होता. तो प्लास्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते सांगत नाही, एवढं तिला माहीत होतं. पेला-काट्याची खूण कुठेच नव्हती. एका बाजूला हातभर जागेत मात्र बारीक ओरखडेच ओरखडे होते. तिथला चिकटवलेला कागद कुणीतरी धारेच्या वस्तूनं खरवडून काढला होता. गोलाईवर नजर ठरत नाही म्हणून, की बघायचं नव्हतं म्हणून, ते ओरखडे तिला आजवर दिसले नव्हते.

नरहरीनं थट्टा केली नाही. "शैलेशला म्हायत नसेल," तो म्हणाला. "त्याला पन कोनी फसवला असेल."

अर्चनानं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्याला माहीत नसेल. गोदामात हजार वस्तू येतात-जातात, कोणीतरी सांगितलं असेल सरबताचं आहे, पोरगा भोळा, घेऊन आला. त्याच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून ती मनातल्या मनात अशी धडपड करत होती, आणि त्याच वेळी तिला थंडीभरच्या हळदी आठवत होत्या. किती घरांत, किती ताटांत ही कोंबडी गेली. म्हातारी माणसं, पोरं. आणि कुंपणाच्या काठीवर हात ठेवून उभी असलेली तेजल.

ती तशीच शेजारी गेली. मांडवाखाली खुर्च्या लागत होत्या. तिनं प्रफुल्लभाऊंना आणि तेजलला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. तेजलनं दोन्ही हात पोटावर ठेवले. प्रफुल्लभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "बरा केला सांगितलंत ता. हळदीला दुसरीकडून मागवतो." भला माणूस. शिव्या दिल्या असत्या तर अर्चनाला सोपं गेलं असतं.

तेजलला त्याच दिवशी पालघरला डॉक्टरबाईंकडे नेलं. बाळ आता तरी ठीक दिसतंय, बाईंनी सांगितलं. पण पिंपात नेमकं काय होतं त्याचं नाव आणा, म्हणजे कसल्या तपासण्या करायच्या ते ठरवता येईल. ते नाव आणायला दुसऱ्या दिवशी अर्चना बोईसरला निघाली. नाव तर हवंच होतं. पण रिक्षात बसल्यापासून ती एकच गोष्ट देवाकडे मागत होती, की शैल्यानं तोंडावर सांगावं, ताई, मला म्हायत नव्हता गो.

भाविकानं दार उघडलं. शैलेश पहिल्या पाळीला गेलेला, यायचीच वेळ झाली होती. रखमाबाई आतल्या खाटेवर तांदूळ निवडत होती. उन्हातून आलेली अर्चना तोंडावर पाणी मारायला गॅलरीत गेली. तिथे दोन पांढरी पिंपं शेजारी शेजारी उभी होती. तीच जात, तीच पत्र्याची कडी. दोन्हींत काठोकाठ पाणी, एकात प्लास्टिकचा लाल तांब्या तरंगत होता. तिनं तांब्याला हात घातला, तोच भाविका स्वयंपाकघरातून धावत आली.

"ताई, थांबा थांबा! त्या पाण्याने तोंड नका धुऊ. संडासाला आणि गाडी धुवायला आहे ते."

"का गं? पानी तर स्वच्छ दिसते."

"पाणी स्वच्छ आहे हो, पिंपं कंपनीची आहेत ना. काय काय विषारी भरलेलं असतं त्यांच्यात. आणली त्याच दिवशी ह्यांनी बजावून ठेवलंय, घरातल्या कशाला यातला थेंब घ्यायचा नाही. भांडी घासायलासुद्धा मी घेत नाही." ती तांब्या काढून घेत सहज म्हणाली, "तीन होती. दिवाळीला मी माहेरून आले तर दोनच. दिलं असेल कोणाला तरी."

अर्चना गॅलरीच्या उंबऱ्यावरच बसली. देवाकडे मागायचं आता काही उरलं नव्हतं. शैल्याला माहीत होतं. आणलं त्याच दिवशी माहीत होतं. स्वतःची बायको, स्वतःची भांडी सांभाळली आणि उरलेलं पिंप बहिणीच्या दारात नेऊन त्याच्यावर कुंकू लावून घेतलं. रडू येत होतं, पण त्याआधी राग येत होता.

शैलेश आला तेव्हा ती तिथेच बसली होती. तिला बघून तो हसला आणि हसता हसताच त्याच्या लक्षात आलं.

"शैल्या, त्या पिंपात काय होता?"

"कुठच्या?"

"भाऊबीजेच्या."

"सांगितला नाय का तुला, सरबताचा अर्क."

"तुझ्या गॅलरीत हायत ते पन सरबताचेच काय? मग संडासाला कशाला लावलास?"

भाविकानं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तिसरं पिंप कुठे गेलं ते तिला त्या क्षणी कळलं.

शैलेशचा आवाज चढला. "ताई, मी सोडा टाकून चांगला धुतला होता. निम्मा बोईसर असली पिंपं वापरते. पानी भरतात, धान्य भरतात. कोन मेला काय?"

"मग तू का नाय वापरत?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "या वर्षी हात आखडलेला होता माझा. रिकाम्या हाताने येऊ काय तुझ्या दारात? तूच फोनवर पिंप पिंप करत होतीस."

"मी खाण्याचा मागितला होता रे. विषाचा नाय."

"एवढा काय बोलतेस. कोनाला काय झाला नाय ना? मग कशाला दवंडी पिटतेस? बुधाच्या कोंबड्यांवर ढकलून दे. खाद्यात औषधा घालतात ते सगल्यांना म्हायत हाय. लोक ऐकतील."

ज्या पोराला हिनं गोष्ट सांगून सांगून भरवलं होतं, तो आज हिला शिकवत होता की एका गरीब माणसाच्या पोटावर पाय देऊन कसं सुटायचं. अर्चनाला त्याच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "नाव सांग त्याचा. डॉक्टरबाईंना पायजे. तेजल पोटुशी हाय."

"नाव-बिव नाय सांगनार. पिंपा बाहेर काढायला बंदी हाय. कळला तर माझी नोकरी जाईल."

"नाव सांगा." हे भाविका म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आत्ता सांगा. नाहीतर मी स्वतः कंपनीच्या गेटवर जाऊन विचारते."

त्यानं सांगितलं. कपड्यांच्या रंगात घालायचं काहीतरी होतं, लांबलचक इंग्रजी नाव. भाविकानं ते दोनदा वदवून घेतलं, मोबाईलमध्ये टाइप केलं आणि अर्चनाकडून नंबर घेऊन तिथल्या तिथे तेजलला पाठवलं. शैलेश चपला अडकवून खाली निघून गेला. बहिणीकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

भाविका गॅलरीत तोंड फिरवून उभी राहिली. अर्चना उठून आतल्या खोलीत गेली आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. आता मात्र तिला रडू फुटलं. जगात एकच बाई अशी होती जिच्यापुढे हे सगळं न समजावता सांगता आलं असतं; मीठ काय करतं, भांडं काय असतं, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

"आई, ऐकलास ना? बघ तुझ्या लेकाने काय केला."

रखमाबाईनं सुपातून मान वर केली नाही. एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी बोललेली त्याला," ती म्हणाली. "अर्चूला ता नको देऊ, बोललेली."

अर्चनाला आधी अर्थच लागला नाही. "कवा?"

"तवाच. भाऊबीजेच्या आदी."

"तुला म्हायत होता?"

रखमाबाई सगळं एकदाच सांगून मोकळं व्हावं तसं म्हणाली, "कागद मीच सोलला. त्याच्याने निघत नव्हता. गरम पानी ओतला नि कोयत्याने खरवडला. चित्र होता त्यावर. एक वाळलेला झाड नि एक मेलेला मासा, उताना पडलेला. मला वाचता नाय येत. पन मेलेला मासा कळते."

बाहेर कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्ट्या देत होता. अर्चना आईच्या हातांकडे बघत राहिली. भावाचा राग आला होता तो आगीसारखा आला होता, त्यात ओरडता येत होतं, बोलता येत होतं. हे वेगळं होतं. याला काय म्हणायचं तेच तिला कळेना. आई रिक्षात त्या पिंपाला चिकटून नवापूरपर्यंत आली होती. ओट्यावर बसली होती. पदर तोंडाला लावून बघत होती. सबंध थंडीत फोनवर बोलली, कोंबडी कशी झाली, किती घरांत गेली ते विचारत राहिली.

"मला का नाय सांगितलास, आई? हलूच सांगायचा. मी टाकून दिला असता, त्याला कळू पन दिला नसता."

"तू टाकला असतास तर त्याला कळला असता. मग तो मला बोलला असता." रखमाबाईचा आवाज फुटला. "तू बोलशील नि जाशील नवापूरला. मला याच्याच घरी रावाचा हाय, अर्चू. याच्याच हातचा पानी प्यायचा हाय मरताना."

ते खरं होतं. अर्चनाला ते कळलंही. त्यामुळे दुखणं काही कमी झालं नाही, उलट रागावायची सोय गेली. म्हातारीनं दोन पोरांत तोलून बघितलं होतं आणि जिच्या घरात राहायचं नव्हतं तिला सोडून दिलं होतं. अर्चना पदरानं तोंड पुसून उठली.

रखमाबाईनं तेव्हा प्रथमच मान वर केली. डोळे भरलेले होते. तिनं लेकीचा हात धरला आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "तू नाय ना गो खाल्लास त्यातला?"

"मीठ बरोबर पडला का नाय, ता जिभेवर घेऊन पयला कोन बघते, आई?"

रखमाबाईची बोटं सैल पडली. खाऱ्या पाण्याचा पहिला थेंब स्वतःच्या जिभेवर घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, हे दातिवऱ्याच्या घरात तिनंच लेकीला शिकवलं होतं. अर्चनानं हात सोडवून घेतला, चपला घातल्या आणि आईच्या पाया न पडता जिना उतरली.